‘चुलो’ : एका विशेषणाचा सामाजिक इतिहास

शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीतून निश्चित होतो, ही धारणा ‘चुलो’ या स्पॅनिश बोलभाषेतील विशेषणापाशी अपुरी पडते. ‘मूल’ या अर्थाच्या इटालियन ‘फान्चुल्लो’च्या संक्षिप्त रूपापासून हा शब्द आला, असे स्पॅनिश अकादमीचा कोश सांगतो. अकादमीच्या पहिल्या कोशात (१७२६-३९) मात्र ‘चुलो’ म्हणजे चतुर बोलण्याने रिझवणारी, तरीही आक्षेपार्ह बोलून जाणारी व्यक्ती. कौतुक आणि नापसंती तेथे एकाच अर्थात नांदतात.

एकोणिसाव्या शतकात माद्रिदच्या श्रमिक वस्त्यांतील ऐटबाज स्त्रीपुरुषांना हे नाव चिकटले. ‘ला वेर्बेना दे ला पालोमा’ (१८९४) या संगीतिकेने तो समाज रंगमंचावर आणला. तिचा नायक छापखान्यातील जुळारी आहे. आजच्या स्पेनमध्ये ‘चुलो’ माणूस बहुधा उर्मट असतो, ‘चुलो’ वस्तू छान असते. नाम म्हणून तर त्याचा अर्थ वेश्यांचा दलाल असाही होतो. मेक्सिको, ग्वातेमाला येथे मात्र ‘चुला’ स्त्री म्हणजे सहसा केवळ देखणी स्त्री.

कोश हे अर्थ क्रमांक देऊन शेजारी मांडतो. त्यामुळे भेद केवळ प्रादेशिक भासतो. वस्तुतः कनिष्ठ वर्गाची ऐट वरून पाहणाऱ्याला उद्धटपणा वाटते, तर वस्तीतल्यांना तेच देखणेपण वाटते. कोण कोणाविषयी बोलतो, यावर अर्थ ठरतो. म्हणूनच ‘चुलो’साठी सर्वत्र एकच प्रतिशब्द योजणारा अनुवाद पात्राचा प्रदेशच नव्हे, त्याचा वर्गही पुसून टाकतो.