मोरीवरचं अळू बंगल्यात



मोरीच्या पाण्यावर अळू वाढवायची आपली जुनी रीत. काळ्या देठाचं वडीला, हिरवं फदफद्याला. ऋषिपंचमीच्या भाजीतही ते लागतंच. पण ते शोभेसाठी लावावं, असं आपल्या मनात सहसा आलं नाही.

साहेबाच्या मनात आलं. १८६४ च्या सुमारास लंडनच्या बॅटरसी बागेत उष्ण देशांतली मोठ्या पानांची झाडे मांडली गेली. ती बाग करणारा जॉन गिब्सन १८३५ साली झाडे जमवायला हिंदुस्थानाकडे निघाला होता. अळूच्या जातींना तिकडे ‘हत्तीचे कान’ म्हणू लागले. तिथल्या थंडीत कंद उकरून घरात जपावे लागत. आपल्याकडे ती कटकट नाही.

आता तळवलीकडे पाहा. १९७० साली सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या, त्यात तळवलीची भातखाचरेही गेली. हाती राहिलं ते घर आणि परसू. त्याच शहराच्या सज्ज्यांत आज मोठ्या पानांच्या कुंड्या दिसतात. म्हणजे परसातला कंदही विकाऊ माल आहे.

वैशाखात कंद लावा. दोन हात अंतर, भरपूर शेणखत, अर्धी सावली आणि सतत ओल ठेवा. बाजूची पिल्ले काढली की मूळ झाडाचं पान मोठं होतं. तीच पिल्ले कुंडीत लावून विका.

एक जपा. शोभेच्या जाती वेगळ्या वाफ्यात ठेवा. त्यांची भाजी करू नका, घसा खाजून सुजतो. गिऱ्हाइकालाही हे सांगूनच कुंडी द्या.