छिन्नमनस्कता आणि दृक्‌संवेदन

छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, म्हटले की नसलेले आवाज ऐकू येणे आणि संशय ही लक्षणे आठवतात. रुग्णाला दिसते कसे, हे सहसा कोणी विचारत नाही. मात्र डोळ्यांत दोष नसतानाही या आजारात मेंदू दृश्य वेगळ्या रीतीने जुळवतो. हा वेगळेपणा म्हणजे सरसकट उणीव नव्हे. दिसणाऱ्या वस्तूवर आजूबाजूच्या संदर्भाचा आणि पूर्वानुभवाचा जो प्रभाव पडतो, तो येथे क्षीण होतो, असे मानायला सबळ आधार आहे. मुखवट्याची आतली, खोलगट बाजू समोर धरली तर नाक आत गेलेले असूनही बहुतेकांना ते पुढे आलेलेच दिसते. चेहरा उंचवट्याचाच असतो ही आयुष्यभराची सवय डोळ्यांनी दिलेल्या खऱ्या माहितीवर मात करते. अनेक रुग्णांना मात्र तो मुखवटा पोकळच दिसतो. दनाई डिमा व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवले, की अशा वेळी निरोगी व्यक्तींत वरच्या केंद्रांचा दृष्टिकेंद्रांवरील प्रभाव वाढतो. रुग्णांत तो तसा वाढत नाही.

रुग्णांचे लक्षच लागत नसेल, हा पहिला आक्षेप. पण लक्ष उडाले तर उत्तरे चुकायला हवीत. २००५ मध्ये स्टीव्हन डेकिन यांच्या गटाने ठळक नक्षीने वेढलेला फिकट तुकडा दाखवला. आजूबाजूच्या ठळकपणामुळे तो निरोगी व्यक्तींना आहे त्याहून फिकट वाटला. रुग्णांचा अंदाज अधिक अचूक निघाला. उलट विखुरलेल्या रेषांच्या गर्दीतून एक सलग आकार ओळखायचा असतो, तेव्हा हेच रुग्ण मागे पडतात, कारण तिथे संदर्भाचीच मदत लागते. दुसरा आक्षेप औषधांचा. तो पूर्णपणे फेटाळता येत नाही. पण सरकत्या वस्तूचा मागोवा घेताना रुग्णांची नजर अडखळते, ही नोंद १९०८ ची आहे आणि या औषधांतले पहिले, क्लोरप्रोमाझिन, मनोविकारांवर वापरात आले १९५२ मध्ये. पुढे फिलिप होल्झमन यांना तीच अडखळ काही रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांतही आढळली. नजरेची हालचाल आणि संदर्भाचा प्रभाव या वेगळ्या बाबी आहेत हे खरे, तरी दृष्टीशी निगडित सगळेच बदल औषधांच्या माथी मारता येत नाहीत, एवढे यातून ठरते. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळेच दृष्टिभ्रम क्षीण होत नाहीत. उजळपणाच्या भ्रमात रुग्ण इतरांसारखेच फसतात. म्हणून ‘रुग्णाला जग जसे आहे तसे दिसते’ हे आकर्षक विधान चूक ठरते.

मुखवट्याची चाचणी निदानासाठी वापरू नये. झोप न मिळालेल्या किंवा मद्याचे व्यसन नुकतेच सुटत असलेल्या माणसालाही तो पोकळ दिसू शकतो.