सुबाभूळ पचवणाऱ्या जिवाणूची कुळकथा

सुबाभळीचा पाला शेळीला किती घालावा, असं एखाद्या जुन्याजाणत्या शेळीपालकाला विचारलं, की उत्तर ठरलेलं येतं: दुसऱ्या चाऱ्यात मिसळून, फार तर तिसरा हिस्सा. निव्वळ सुबाभळीवर शेळ्या ठेवल्या तर अंगावरचे केस गळतात, जनावर खंगतं. सल्ला योग्यच आहे. पण जगात अशाही शेळ्या आहेत, ज्या आयुष्यभर याच झाडावर चरतात आणि त्यांना काही होत नाही. त्यांच्या कोटीपोटात एक जिवाणू राहतो. 1992 साली त्याचं शास्त्रीय नाव ठरलं, सिनर्जिस्टिस जोन्सिआय. तो सापडला कसा आणि एका खंडातून दुसऱ्या खंडात नेला कसा गेला, ही हकीकत शेळीवरच्या संशोधनातली मला सर्वांत मोलाची वाटते. जनावराचा गुण म्हणजे त्याच्या जातीचा, रक्ताचा गुण, अशी आपली पक्की समजूत असते. या कथेत ती समजूत मुळापासून हलते.

आधी झाडाकडे पाहू. शेळी सुबाभूळ खाते ती पद्धत बघण्यासारखी असते. मागच्या पायांवर उभी राहून ती पुढचे खूर खोडाला टेकवते, डहाळी खाली ओढते, पानाचा मधला दांडा ओठांत धरते आणि मान झटक्यात मागे घेते. बारीक पर्णिका तोंडात येतात, दांडा डहाळीलाच राहतो. या पाल्याच्या कोरड्या वजनात 20 ते 25 टक्के प्रथिनं असतात. पावसाळा संपून बांधावरचं गवत वाळलं तरी हे झाड हिरवं असतं, छाटलं की पुन्हा फुटतं. गरिबाच्या दारात असावं असंच झाड. पण त्याच पाल्यात साधारण 2 ते 6 टक्के मिमोसीन असतं आणि कोवळ्या शेंड्यांत त्याहून बरंच जास्त.

मिमोसीन हे अमिनो आम्लच आहे, फक्त प्रथिनं बांधायला उपयोगी न पडणारं. ते आधी लाजाळूत सापडलं, म्हणून लाजाळूच्या शास्त्रीय नावावरून त्याला नाव मिळालं. त्याची घडण टायरोसिन या नेहमीच्या अमिनो आम्लाशी मिळतीजुळती असते. जिथे पेशी भराभर विभागतात तिथे ते विभाजन थांबवतं, आणि केसाचं मूळ ही तशीच जागा. म्हणून घोडा, डुक्कर, ससा यांनी सुबाभूळ जास्त खाल्ली की केस झडतात. घोड्यांच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस गळाल्याच्या नोंदी वेस्ट इंडीजमध्ये 19 व्या शतकाच्या अखेरीपासून आहेत. मेंढीला हे द्रव्य टोचून लोकर कात्रीशिवाय उतरवता येईल का, याचेही प्रयोग ऑस्ट्रेलियात झाले.

रवंथ करणाऱ्या जनावराचं गणित थोडं वेगळं. गाय, शेळी, मेंढी पाला चघळते तेव्हापासून आणि पुढे कोटीपोटातल्या जिवाणूंच्या हातून मिमोसीन मोडतं, आणि त्यातून डीएचपी नावाचं दुसरं द्रव्य उरतं. केसांवरचं संकट काही अंशी टळतं, पण डीएचपी जाऊन थायरॉईड ग्रंथीत बसतं आणि तिथे आयोडीन जोडण्याची क्रियाच अडवतं. ग्रंथी सुजते, गलगंड होतो, थायरॉक्सिन घसरतं, भूक मरते. आयोडीनचं मीठ वाढवून उपयोग होत नाही, कारण आयोडीन कमी पडत नसतं, ते वापरलंच जात नसतं. डीएचपीचा हा अपराध ऑस्ट्रेलियातल्या हेगार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये उघड केला. सीएसआयआरओ या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेचं ते काम होतं.

ऑस्ट्रेलियाला हे शोधणं भाग होतं. सुबाभूळ मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. स्पॅनिश गलबतांतून ती फिलिपिन्सला पोचली आणि तिथून आशियाभर, प्रशांत महासागरातल्या बेटांवर पसरली. क्वीन्सलँडच्या गुरांच्या राज्यात मात्र ती पद्धतशीरपणे आली, कुरणाचं पीक म्हणून. 1962 मध्ये ‘पेरू’ आणि ‘एल साल्वाडोर’ हे वाण निघाले, 1976 मध्ये ‘कनिंगहॅम’. गुरं सुरुवातीला झपाट्याने भरली. मग काही कळपांत लाळ गळू लागली, शेपटीचा झुबका विरळ झाला, वजन वाढायचं थांबलं, कापलेल्या जनावरांच्या थायरॉईड ग्रंथी फुगलेल्या आढळल्या. इतकं सकस झाड, पण मर्यादेबाहेर चारलं की अंगावर येतं. पैदासकारांनी कमी मिमोसीनचं वाण काढायचा प्रयत्न केला. पण ज्या झाडांत विष कमी, त्यांत वाढीचा जोमही कमी, असा अनुभव येत गेला.

याच सुमारास टाउन्सव्हिलच्या प्रयोगशाळेत काम करणारे रेमंड जोन्स एका विसंगतीपाशी थांबले. हवाईत हेच झाड रानोमाळ माजलेलं. तिथे शेळ्या आहेत 1778 पासून, कॅप्टन कुकने निहाऊ बेटावर सोडल्या तेव्हापासून. त्या सुबाभळीच्या झुडपांत चरतात, आणि गलगंड नाही की केस गळणं नाही. इंडोनेशियात पश्चिम तिमोरच्या अमरासी भागात 1930 च्या दशकापासून शेतकऱ्यांना सुबाभूळ लावायचा दंडकच होता. तिथे दावणीच्या गुरांपुढे रोज तोच पाला पडतो, जवळपास दुसरं काहीच नाही, आणि गुरं धष्टपुष्ट असतात. झाड तेच, विष तेच. मग फरक कशात? मातीत, जनावराच्या जातीत, की पोटात?

जोन्स यांनी 1981 मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता: हवाईत सुबाभळीची विषबाधा होत नाही, याचं कारण कोटीपोटात मिमोसीनचं काय होतं यात आहे का? मला या माणसाचं विशेष वाटतं ते इथे. झाड बदलण्यासाठी कितीतरी लोक राबत होते. यांनी खाणाऱ्याच्या पोटाकडे पाहिलं.

प्रयोगासाठी शेळी निवडली गेली, ती अगदी योग्य. ती लहान, बांधून ठेवायला सोपी, रोजचा चारा आणि रोजचं मूत्र नेमकं मोजता येतं, आणि झाडपाला हे तिचं आवडतं खाणं. जोन्स आणि मेगॅरिटी यांनी ऑस्ट्रेलियातल्या आणि हवाईतल्या शेळ्यांना सुबाभूळ चारून दोन्हींची तुलना केली आणि 1983 मध्ये निष्कर्ष छापले. ऑस्ट्रेलियन शेळ्यांच्या मूत्रातून डीएचपी भरभरून बाहेर पडत होतं आणि रक्तातलं थायरॉक्सिन उतरत होतं. हवाईच्या शेळ्यांनी तेवढाच पाला खाऊनही त्यांच्या मूत्रात डीएचपी नगण्य. म्हणजे वाटेत कुणीतरी ते संपवत होतं.

ते ‘कुणीतरी’ एका जनावरातून दुसऱ्यात नेता येतं का, याचं उत्तर आधी मिळालं ते हवाईच्या नव्हे, तर इंडोनेशियाच्या शेळीकडून. तिच्या कोटीपोटातला द्रव ऑस्ट्रेलियन शेळ्यांच्या कोटीपोटात सोडला गेला आणि त्या शेळ्या डीएचपी मोडू लागल्या. जोन्स आणि लाउरी यांनी हे 1984 मध्ये प्रसिद्ध केलं. परदेशी जनावराच्या पोटातलं पाणी आपल्या जनावरात ओतणं ही ऑस्ट्रेलियासारख्या, रोगराईबाबत अत्यंत काटेकोर असलेल्या देशात लहान गोष्ट नव्हती. त्या द्रवात एक उपकारी जिवाणू असेल, तर नको असलेलं आणखी कितीतरी असू शकतं. म्हणून पुढची वाट हवाईच्या शेळ्यांतून मिळवलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूंची धरली. 1986 मध्ये जोन्स आणि मेगॅरिटी यांनी हे स्थलांतर यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. शेळीतून आलेले जिवाणू गाईच्या पोटातही नांदले आणि गुरांवरची विषबाधा हटली.

जिवाणू कोणता, हे तोवर ठरलं नव्हतं. ते काम अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्स इथे मिल्टन ॲलिसन यांनी केलं. ऑक्झॅलेट हे आणखी एक वनस्पतीविष मोडणारा जिवाणू त्यांनी आधीच शोधलेला होता, त्यामुळे पोटातल्या अशा कारागिरांवर त्यांचा विश्वास होता. हवाईच्या शेळीतून वेगळा काढलेला हा जिवाणू ऑक्सिजनविना जगणारा, आणि खाण्याच्या बाबतीत जगावेगळा. कोटीपोटात बहुतेकांची उपजीविका गवतातल्या कर्बोदकांवर. हा कर्बोदकांना शिवतच नाही. आर्जिनिन आणि हिस्टिडिन ही अमिनो आम्लं, आणि डीएचपी, एवढ्यावर त्याचा संसार. बाकीच्यांच्या गर्दीत कुणी न मागितलेलं अन्न त्याने धरलं, म्हणून तो टिकला. 1992 मध्ये त्याला नवी प्रजाती आणि नवा वंश म्हणून मान्यता देताना नावात जोन्स यांचं स्मरण ठेवलं गेलं. पुढे त्याचे नातेवाईक वाळवीच्या आतड्यात, माणसाच्या हिरड्यांत आणि तेलविहिरींतही सापडले, आणि जिवाणूंच्या एका अख्ख्या संघाला याच्याच नावावरून नाव पडलं.

क्वीन्सलँडमध्ये 1996 पासून हे जिवाणू टाकीत वाढवून पशुपालकांना देऊ लागले. सगळ्या कळपाला पाजावं लागत नाही. साधारण दहा जनावरांमागे एकाला तोंडावाटे दिलं तरी पुरतं, बाकीच्यांपर्यंत ते आपोआप पोचतं. एकाच टाकीतलं पाणी, एकाच गव्हाणीतला उष्टा चारा, एकमेकांना चाटणं, एवढं त्याला बस होतं. माझ्या दृष्टीने कथेचा गाभा हाच आहे. सुबाभूळ पचवायची ताकद हवाईच्या बोकडाने वीर्यातून पुढे दिली नव्हती. ती लाळेतून, पाण्यातून, सोबतीतून येत होती. करडू आईजवळ वाढतं, तिच्या तोंडचा पाला ओढून खातं, तेव्हा ते हा वारसा घेत असतं. कळपापासून तोडून एकट्याने वाढवलेल्या करडाला जातिवंत आईबाप असूनही तो मिळेलच असं नाही.

महाराष्ट्राचा या झाडाशी संबंध जुना आणि जिव्हाळ्याचा आहे. मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला उभ्या केलेल्या बाएफने 1970 च्या दशकात हवाईतली उंच वाढणारी सुबाभूळ इथे आणली, बी वाटलं, रोपं दिली. माळरानावर जळण आणि चारा एकाच झाडातून मिळावा, हा त्यामागचा ध्यास खरा होता आणि त्याचं फळ आजही बांधाबांधावर दिसतं. पण झाड बियांतून प्रवास करतं. त्याला खाणाऱ्यांचं पोट मागेच राहतं. क्वीन्सलँडमध्ये झालं ते याच कारणाने, आणि जिथे जिथे नवा चारा परदेशातून आला तिथे हा धोका होता. झाडाची कीड मात्र पाठोपाठ आली: सुबाभळीचा रस शोषणारी सिलिड 1984 मध्ये हवाईत दिसली आणि चारेक वर्षांत भारतात पोचली. शत्रूला वाट आपली आपण सापडली, मित्राला माणसाने उचलून न्यावं लागलं.

इथवर कथा सरळ आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिला नवा फाटा फुटला. डीएनएच्या चाचण्या स्वस्त झाल्या तशा वेगवेगळ्या देशांतल्या शेळ्या-गुरांच्या कोटीपोटात या जिवाणूचा शोध घेतला गेला, आणि ज्यांनी सुबाभूळ कधी चाखलीही नाही अशा जनावरांतही तो थोड्या प्रमाणात सापडला. म्हणजे तो हवाईचा एकट्याचा नव्हता, अनेक ठिकाणी कोपऱ्यात दबून राहिलेला होता. शिवाय इंडोनेशिया आणि थायलंडमधल्या काही धडधाकट जनावरांच्या मूत्रात डीएचपी सापडलं, पण यकृताने ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देऊन निरुपद्रवी केलेलं. म्हणजे काही कळपांत जिवाणू विष खातो, काहींत यकृत त्याला बांधून बाहेर काढतं, आणि दोन्ही वाटांना सवय लागायला काही आठवडे जातात. एरवी सुबाभूळ न खाणाऱ्या शेळ्यांना ती एकदम भरपेट घातली, की त्या आठवड्यांतच केस गळतात आणि आपण झाडाला दोष देऊन मोकळे होतो.

याने जोन्स यांचं काम उणं होत नाही. त्यांच्या शेळ्यांनी दाखवलं ते खरंच होतं, फक्त निसर्गाकडे त्याच कुलपाच्या दोन किल्ल्या निघाल्या. आपल्याकडच्या उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ शेळ्या कोणती किल्ली वापरतात, हे जिल्ह्याजिल्ह्यातल्या कळपांत पाहून ठेवायला हवं. पहिली पायरी अवघड नाही. सुबाभूळ खाणाऱ्या शेळीचं मूत्र बाटलीत धरायचं आणि त्यात आम्लयुक्त फेरिक क्लोराईड टाकायचं. डीएचपी भरपूर असेल तर मिश्रणाला गडद रंग चढतो. असा रंग दर आठवड्याला टिपत गेलं, तर तो कधी फिका पडतो ते दिसेल आणि शेळी सरावली का ते कळेल. यकृताने बांधलेलं डीएचपी या साध्या चाचणीत लपून राहू शकतं, म्हणून काही नमुने पुढे प्रयोगशाळेत पाठवावे लागतील. बाकीचं काम पशुवैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी एका हंगामात करू शकेल, आणि त्यातून निघणारा आकडा शेळीपालकाच्या थेट कामाचा असेल: आपल्या गावच्या शेळीला सुबाभूळ किती आठवड्यांत, किती प्रमाणापर्यंत वाढवत न्यावी.