तबकडी, स्वरलिपी आणि गायकाचा हक्क

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्ग याने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरवून घेतले, तेव्हा अखेरीस तिने स्वत:चे नाव इंग्रजीत उच्चारले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात. तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी, एवढाच त्यामागील हेतू. स्वत:च्या गाण्यावर हिंदुस्थानी गायकाची अशी नाममुद्रा उमटली खरी. परंतु कायद्याने त्याला त्याहून अधिक काही पुढे नव्वद वर्षे दिले नाही.

१९५७ च्या कायद्याने संगीतकृतीची जी व्याख्या केली, ती मोठी उद्बोधक आहे. स्वरावली आणि 'हार्मनी' यांची, किंवा त्यांपैकी एकाची, लिहिलेली वा छापलेली जुळणी म्हणजे संगीतकृती! ज्या संगीतात पाश्चात्त्य अर्थाची हार्मनी नाही आणि ज्यातील चीज गुरूच्या मुखातून शिष्याच्या कंठात उतरते, त्याला ही व्याख्या लावायची कशी? स्वामित्वाची जाणीव घराण्यांतही होतीच. चीज लपवून ठेवणारे, किंबहुना ती हुंड्यात देणारे उस्ताद आख्यायिकांत भेटतात. भातखंड्यांनी चिजा स्वरलिपीत बांधल्या, तेव्हा विद्येचे कल्याण झाले. कायद्याची दृष्टी मात्र कागदापाशी थांबली. ख्यालात प्रत्यक्ष गाताना जे घडते, ते कृती ठरलेच नाही.

१९६० नंतरच्या दशकात लता मंगेशकरांनी स्वामित्वशुल्कात गायकाचा वाटा मागितला. मोबदला घेतला की गायकाचा संबंध संपला, असे महंमद रफींचे मत होते. या मतभेदापायी दोघांनी काही काळ एकत्र गाणे सोडले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी रचलेल्या संगीताचा हक्क, विरुद्ध करार नसल्यास, निर्मात्याचा ठरविला. त्याच निकालाला जोडलेल्या टिपणात न्या. कृष्ण अय्यर यांनी गायकाला वगळणे हे भारतीय वृत्तीशी विसंगत असल्याचे म्हटले. संसदेने ते ऐकले १९९४ मध्ये. व्याख्येतील कागदाची अट गेली, प्रयोगकर्त्याचा हक्क आला, आणि मे १९९५ मध्ये दुरुस्ती अमलात आली. तोवर बालगंधर्वांना जाऊन २७ वर्षे लोटली होती.

आंतरजालावरील फुकट देवघेवीचा विचार या पार्श्वभूमीवर केला पाहिजे. २०१२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशांन्वये १०४ संकेतस्थळे बंद करण्यात आली. अशा फिर्यादींत कलावंताचे नाव पुढे केले जाते. वस्तुत: दशकानुदशके लुटण्याजोगे त्याच्यापाशी उरलेच नव्हते, नुकसान होई ते तबकडीच्या धन्याचे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मात्र प्रयोगकर्त्याला व्यापारी वापरातील स्वामित्वशुल्काचा अधिकार दिला. तेव्हापासून फुकटची प्रत खरोखरच गायकाच्या ताटातील घास घेते. हा घास त्याच्या ताटापर्यंत पोहोचतो किती, हा प्रश्न निराळा.

प्रकाशनानंतर ६० वर्षांनी ध्वनिमुद्रिकेवरील हक्क संपतो. गौहरजानची तबकडी आज कलकत्त्यापासून बजबजपर्यंत कोणीही आपल्या फोनमध्ये उतरवून घ्यावी. कोणाचाही अपराध होत नाही. अखेरचे ते इंग्रजी वाक्य तेवढे नीट ऐकावे.