हिशेब बरोबर, कण वेगळा

आमच्या तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. तिथे अणुकेंद्र न्यूट्रॉन गिळतं. मला मात्र म्यूऑन गिळणाऱ्या अणुकेंद्राची गोष्ट आवडते.

१९४३ साली रोमवर बॉम्ब पडले, तेव्हा कॉन्वेर्सी आणि पिच्चोनी यांनी आपली उपकरणं चक्क एका शाळेत हलवली! पुढे १९४६ साली पान्चिनींसह त्यांना दिसलं, की लोखंड ऋण म्यूऑन गिळतं; कार्बनमध्ये मात्र ते बहुतेक आपोआप विघटन पावतात. १९४७ साली फर्मी, टेलर आणि वाइसकॉफ यांनी हिशेब मांडला. अपेक्षा आणि निरीक्षण यांत तब्बल एक लाख कोटी पटींचा फरक! आकडेमोड चुकली नव्हती. युकावांनी भाकीत केलेला कण हा नव्हेच.

मी मात्र पुस्तकाशी न जुळणाऱ्या उत्तरांवर वर्षानुवर्षं फुल्या मारल्या. आता टोचतं.