बारडोलीचे सरदार आणि हृदयातील वीज

१९२८ च्या बारडोली सत्याग्रहाने वल्लभभाई पटेल ‘सरदार’ झाले. १५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. अशा झटक्यात रक्ताला मुकलेल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर झिरपते आणि हृदयातील विद्युतलहर मंदावते. वाट अडलेली लहर वळसा घेते आणि आधीचा भाग सावरताच त्यात पुन्हा शिरते. हे चक्राकार भ्रमण शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉर्ज माइन्सने प्राण्यांच्या हृदयात १९१३ मध्येच दाखवले होते. लहर फुटून तिच्या अनेक लहरी झाल्या की हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन न पावता थरथरतात आणि रक्ताभिसरण थांबते. १९४७ मध्ये शल्यचिकित्सक क्लॉड बेकने छाती उघडून विजेच्या धक्क्याने एका मुलाची थरथर थांबवली. बंद छातीवरून दिलेल्या धक्क्याचे यश हृदयरोगतज्ज्ञ पॉल झोलने १९५६ मध्ये प्रसिद्ध केले, सरदारांच्या निधनानंतर सहा वर्षांनी.