दुधाची कासंडी आणि तान्ह्याचे यकृत

भडगाव हा गिरणेच्या काठचा जुना कसबा. अशा गावांचा इतिहास लिहिताना वतने, वाडे आणि मामलेदार कचेरीची दप्तरे यांना अगत्याने स्थान दिले जाते. परंतु ज्या चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या तान्ह्या मुलांचे दूध तापले, त्या चुलीवरच्या भांड्यांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. तो लिहिणे आवश्यक आहे; कारण बालकांच्या यकृताचा घास घेणाऱ्या एका व्याधीचा उगम आणि अस्त हे दोन्ही त्या भांड्यांशी निगडित आहेत, आणि आतडे निकामी झालेल्या अर्भकांवर आज जे यकृतप्रत्यारोपण होते, त्याचा विचार करतानाही हा इतिहास मोलाचा ठरतो.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत खानदेशातील खात्यापित्या घरात तांब्यापितळेच्या भांड्यांना प्रतिष्ठा होती. चरवीत धार काढावी, कासंडीत दूध तापवावे आणि तसेच झाकून ठेवावे, हा नित्याचा रिवाज होता. या भांड्यांना कल्हई लागे. कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी जमिनीत भट्टी मांडी, भात्याने निखारे फुलवी, भांडे आतून घासून तापवी, नवसागराची चिमूट टाकताच उठणाऱ्या पांढऱ्या धुरात कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले कथील एका हाताने सर्वत्र फिरवी. क्षणार्धात पिवळा तळ रुप्यासारखा होई. आंबट पदार्थ कळकतात हे गृहिणीला ठाऊक असल्याने ताकाच्या आणि आमटीच्या भांड्यांची कल्हई ती डोळ्यांत तेल घालून पाही; दूध मात्र कळकत नाही, म्हणून दुधाच्या भांड्याची कल्हई उडाली तरी त्याकडे तितक्या तातडीने लक्ष जात नसे.

याच काळात भारतात सर्वत्र बालकांचा एक यकृतविकार आढळत असे. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी 1887 मध्ये त्याचे वर्णन केले, आणि पुढे वैद्यकग्रंथांत तो ‘भारतीय बालयकृतकाठिण्य’ या अर्थाच्या नावाने रूढ झाला. सहा महिने ते तीन-चार वर्षे वयाचे मूल चिडचिडे होई, त्याचे पोट वाढे, बरगडीखाली यकृताची कठीण कडा बोटांना लागे, मग कावीळ, पोटात पाणी आणि काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरातील दोन-दोन मुले जात, तेव्हा लोक दैवाला किंवा दृष्टीला बोल लावीत. पोटावर डाग देण्याचा क्रूर उपायही होई. मातांच्या त्या शोकाची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

या गूढाची उकल पुण्यात झाली. केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह कुटुंबांच्या आहाराची बारकाईने चौकशी केली आणि 1983 मध्ये ‘लॅन्सेट’मधून आपला निष्कर्ष मांडला: आईच्या दुधाऐवजी फार लवकर सुरू केलेले आणि पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवलेले गाई-म्हशीचे दूध हे या रोगाचे संभाव्य कारण होय. दुधातील केसीन तांब्याला धरून ठेवते, आणि पित्तावाटे तांबे बाहेर टाकण्याची शक्ती तान्ह्या यकृतात पुरती आलेली नसते. निरोगी यकृताच्या एका ग्रॅम शुष्क भागात तांबे सामान्यतः 50 मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांत ते शेकडोंनी भरे. काही संशोधकांनी आनुवंशिक दुर्बलतेचाही वाटा मानला आहे. ऑस्ट्रियाच्या टायरोल प्रांतात 1900 ते 1974 या काळात 138 अर्भके अशाच विकाराने दगावल्याची हकिकत 1996 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तेथेही तांब्याच्या भांड्यातल्या दुधाबरोबर आनुवंशिक दुर्बलता कारणीभूत मानली गेली. पुणे जिल्ह्यात घरोघर समजावून भांडी बदलण्याची मोहीम झाली, स्टेनलेस स्टील स्वस्त झाले, आणि रोग जवळजवळ नाहीसा झाला.

तान्ह्याच्या यकृताला आहारच भोवण्याचा आता दुसरा अध्याय. ज्या अर्भकाचे आतडे जन्मतःच अपुरे असते, किंवा पीळ पडून, सडून कापून टाकावे लागते, त्याला पूर्वी उपासमारीने मरणे एवढेच प्राक्तन होते. 1967 मध्ये फिलाडेल्फियात डॉ. स्टॅन्ली डड्रिक व सहकाऱ्यांनी अशाच एका बालिकेला हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतून संपूर्ण आहार देऊन वाढवले, आणि शिरेवाटे पोषणाचे युग सुरू झाले. परंतु 1971 मध्येच अशा पोषणावरील अर्भकात यकृताची हानी नोंदली गेली. तोंडावाटे काही न गेल्याने पित्ताचा प्रवाह मंदावतो, शिरेत घातलेल्या नळीतून वारंवार जंतुसंसर्ग होतो, आणि सोयाबीन तेलाच्या स्निग्ध द्रावणातील वनस्पतिज घटक यकृताला जाचतात. जीव वाचवणारा आहारच यकृताला भोवतो, हे या प्रकरणाचे दुःख आहे.

यातला पेच असा, की तान्ह्याचे उरलेले आतडे काळाबरोबर लांब, रुंद आणि कार्यक्षम होत जाते. त्याला अवधी हवा असतो, पण तेवढा अवधी यकृत देत नाही. आतडे सावरण्याच्या वाटेवर आहे, निदान निम्मा आहार तोंडावाटे पचू लागला आहे, अशा निवडक अर्भकांत केवळ यकृत बदलावे आणि आतड्याला वाढू द्यावे, हा विचार अमेरिकेत नेब्रास्काच्या डॉ. सायमन हॉर्सलेन व सहकाऱ्यांनी 2002 मध्ये अनुभवाच्या आधारे मांडला. आतडे सावरण्याची आशाच नसेल, तेथे यकृत व आतडे एकत्र बदलण्याचा मार्ग उरतो.

अवयवप्रत्यारोपणाची कायदेशीर तजवीज करण्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे: गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवरून संसदेने 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संमत केला. त्यानंतर नोव्हेंबर 1998 मध्ये दिल्लीत पित्तनलिका नसलेल्या कांचीपुरमच्या एका बालकाला पित्याच्या यकृताचा अंश बसवण्यात आला. भारतातील ते पहिले यशस्वी बालयकृतप्रत्यारोपण, आणि ते बालक पुढे स्वतः डॉक्टर झाले.

या शस्त्रक्रियेचा मला नितांत आदर वाटतो. पण तिच्या मागे जन्मभराची औषधे, मोठा खर्च आणि कजगाव किंवा पाचोऱ्याहून गाडीत बसून महानगरापर्यंत केलेल्या खेपा असतात, हेही विसरता येत नाही. पितळी भांड्याच्या रोगाने ज्या मुलांना गाठले, त्यांतील फारच थोडी वाचली. त्यांच्यानंतरची मुले मात्र वाचली, कारण कोणी तरी आईजवळ बसून दूध कशात तापवता असे विचारले. शिरेवाटे पोषणातही आज तीच दिशा दिसते: माशाच्या तेलाचे द्रावण, नळीची काटेकोर स्वच्छता आणि शक्य तितक्या लवकर तोंडावाटे थेंब-थेंब दूध. या उपायांनी यकृत बदलण्याची वेळ येणाऱ्या मुलांची संख्या घटते. म्हणून जिल्ह्याच्या रुग्णालयात नवजातांसाठी निगुतीचा बंदोबस्त करणे आणि पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध मिळेल असे पाहणे, हे महानगरातील शस्त्रक्रियागृह उभारण्याइतकेच महत्त्वाचे सरकारी कर्तव्य आहे, आणि ते पार पाडण्यास कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.